बीटाच्या शेतातून झुकझुक : पितिव्हिए-तूरीची ६० सेंटीमीटरची गाडी

रुळावरचा

गेल्या उन्हाळ्यात कामानिमित्त तीन महिने ऑर्लेआंला होतो. सुट्टीच्या दिवशी ऑफिसातले सगळे ल्वार नदीकाठचे राजवाडे बघायला पळायचे. एका रविवारी मी उलट्या दिशेला, पितिव्हिएला गेलो. ऑर्लेआंपासून चाळीसेक किलोमीटर असेल. छोटंसं गाव. त्याचं नाव घेतलं की फ्रेंच माणसाला बदामाचं सारण भरलेली गोल पेस्ट्री आठवते. मी गेलो होतो ते इंजिनं बघायला.

पितिव्हिए ते तूरी, साधारण ३२ किलोमीटर, रुळांची रुंदी ६० सेंटीमीटर. १८९२ मध्ये सुरू झालेली ही लाइन कागदोपत्री 'ट्रामवे' आहे. ट्राम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या मुंबईची विजेवरची ट्राम येते, पण फ्रान्समध्ये ११ जून १८८० च्या कायद्याने हा शब्द वेगळ्याच अर्थाने रूढ झाला. रूळ स्वतःच्या जमिनीवर असतील तर ती 'स्थानिक महत्त्वाची रेल्वे'. सार्वजनिक रस्त्याच्या कडेने गेले तर 'ट्रामवे', मग गाडी कोळशावर चालो नाही तर घोड्यावर. जमीन विकत घ्यायला नको, मातीचे भराव नकोत, गावातल्या रस्त्याची एक बाजू पकडायची आणि निघायचं. या स्वस्त वाटेनेच फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत हजारो किलोमीटर छोटे रूळ पडले. बहुतेक मीटर गेजचे. ६० सेंटीमीटरवाले कमी, आणि त्यांच्यामागे बहुधा एकाच माणसाचं नाव निघतं.

पोल देकोव्हिल (१८४६–१९२२). पॅरिसच्या दक्षिणेला प्ती-बूरला घरची मोठी शेती. १८७५ च्या सुमाराला बीटाचं पीक शेतात तयार आणि पावसाने जमीन अशी भिजलेली की बैलगाड्या, घोडागाड्या आत गेल्या की रुतायच्या. तेव्हा त्याने रूळ आणि स्लीपर आधीच जोडलेले शिडीसारखे तुकडे बनवले. उचलायचे, चिखलावर टाकायचे, एकापुढे एक अडकवायचे. काम संपलं की उचलून पुढच्या शेतात. हा शेतकऱ्याचा जुगाड पुढे कारखाना झाला आणि जगभर विकला गेला. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात, म्हणजे आयफेल टॉवर ज्या वर्षी उभा राहिला तेव्हा, देकोव्हिलची तीनेक किलोमीटरची गाडी प्रदर्शनाच्या आवारात धावत होती. सहा महिन्यांत ६० लाखांहून जास्त लोक तिच्यात बसले. हातपाय, डोकं बाहेर काढू नका, झाडं लागतील, अशा पाट्या कित्येक भाषांत लावल्या होत्या म्हणतात. लोकलच्या दारात लटकणाऱ्यांना त्या वाचून गंमत वाटली असती.

पितिव्हिएची लाइन देकोव्हिलच्याच कंपनीने टाकली, प्रदर्शनानंतर तीनच वर्षांनी. हा भाग बोसच्या पठाराच्या कडेला येतो. ताटासारखी सपाट जमीन, क्षितिजापर्यंत गहू आणि बीट. प्रवासी डबे होते, पण घर चालवलं ते बीटाने. तूरीला आणि पितिव्हिएजवळ साखर कारखाने. मुख्य लाइनपासून शेतांकडे फाटे फुटलेले. ऑक्टोबर उजाडला की गळीत हंगाम सुरू आणि डिसेंबर संपेपर्यंत इंजिनांना उसंत नाही.

आता इंजिनं. मी कल्पना करून गेलो होतो ती झालरवाल्या, नटव्या ट्राम-इंजिनांची. चाकांभोवती पत्र्याचा घागरा, वर पितळी घंटा वगैरे. तशी इंजिनं फ्रान्सच्या दुसऱ्या ट्रामवेंवर होती खरी. पितिव्हिएच्या लाइनची कहाणी मात्र जुन्या बाजाराची आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत दारूगोळा पोचवायला दोन्ही बाजूंनी ६० सेंटीमीटरचेच रूळ वापरले होते. युद्ध संपलं आणि शेकडो इंजिनं बेवारस झाली. जर्मनांची चार जोडआसांची (म्हणजे दांड्यांनी एकमेकांना जोडलेल्या आसांची) 'ब्रिगेड' इंजिनं, ब्रिटिशांनी अमेरिकेतून बनवून आणलेली इंजिनं, सगळी भंगाराच्या भावात. बीटवाल्यांनी ती उचलली. काल ज्यांनी तोफगोळे ओढले, त्यांनी पुढची चाळीस वर्षं बीट ओढलं. काही हौशी लोक म्हणतात की ही 'खरी' ट्रामवे इंजिनं नव्हेत. मला हे पटत नाही. गरिबाघरी थोरल्याचा शर्ट धाकट्याला येतो, तो धाकट्याचाच होतो.

त्यातलं एक सांगतो. १९१६ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने अमेरिकेतल्या अल्को कंपनीला १०० छोट्या इंजिनांची ऑर्डर दिली. वजन साधारण १७ टन, पुढे एक मोकळी आस, मध्ये तीन जोडलेल्या, मागे परत एक मोकळी. आपण चाकं मोजून २-६-२ म्हणतो. फ्रेंच माणूस एकाच बाजूने बघतो आणि १३१ म्हणतो. शंभरातली काही युद्धानंतर या लाइनवर आली. इथला क्रमांक ३-२३ असलेलं एक इंजिन शेवटपर्यंत टिकलं.

प्रवासी गाडी १९५१ मध्ये बंद झाली. बीट मात्र १९६४ च्या डिसेंबरपर्यंत वाफेवरच जात राहिलं. मग लॉऱ्या. रूळ उखडायच्या आत हौशी मंडळींनी पितिव्हिएकडचा चारेक किलोमीटरचा तुकडा वाचवला आणि १९६६ मध्ये तिथे संग्रहालय सुरू केलं. मी बसलो ती त्याच तुकड्यावरची गाडी. लाकडी बाक, गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना लागतात, वेग सायकलएवढा. इंजिन एवढं बुटकं की ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा कमी आणि ते अंगात घातल्यासारखा जास्त दिसत होता.

३-२३ मात्र तिथे नाही. ते कुठे गेलं ते प्रतिसादांत सांगतो, लेख आधीच लांबला आहे.

---

चहाटळ

मस्त लेख. पण बदामाच्या पेस्ट्रीचा फोटो नाही म्हणून अर्धे गुण कापले आहेत.

---

गूळपोळी

वा! वडिलांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली, त्यामुळे गळीत हंगाम वाचून कान टवकारले. एक शंका. आपल्याकडे ऊस तोडला की लवकर गव्हाणीत पडला पाहिजे, नाही तर उतारा घसरतो. बीट तर कंद आहे, टिकेल की थोडे दिवस. मग शेतापर्यंत रूळ नेण्याएवढी घाई कशाची? आणि रिकामे डबे परत ओढत आणायचा खर्च कसा परवडायचा?

---

रुळावरचा

गूळपोळी, घाई बीटाची कमी आणि चिखलाची जास्त. काढणी ऑक्टोबरपासून, तेव्हा तिकडे पावसाळी हवा, नंतर थंडी. ओली चिकणमाती, त्यात टनांनी माल. एकदा पाऊस लागला की गाड्या आसापर्यंत बुडायच्या. कंद शेताच्या कडेला ढीग घालून काही दिवस ठेवता येतो, पण कडाक्याच्या थंडीने गोठून मग वितळला की सडायला लागतो.

परतीचं म्हणाल तर डबे रिकामे येत नसत. बीटाचे काप करून साखर काढून घेतली की जो चोथा उरतो तो जनावरांना घालतात. कारखान्याकडून शेतकऱ्याकडे चोथा, शिवाय खत, कोळसा. कारखान्याला चुनखडी लागायची, रस साफ करायला. जाता-येता दोन्हीकडे भाडं म्हणून ही लाइन तगली. नुसत्या प्रवाशांवर असती तर तिच्या बहिणींसारखीच दुसऱ्या महायुद्धाच्या आधी गेली असती.

---

गूळपोळी

म्हणजे आपल्याकडच्या वाढ्यासारखंच, जनावरांचा वाटा ठरलेला. आणि वजनकाट्याचं काय? तिकडेही ओरड असेलच की.

---

रुळावरचा

हाहा, असणारच. तिकडचा वाद मातीचा. बीट जमिनीतून निघतं ते माती घेऊन. कारखान्यात प्रत्येक खेपेतला नमुना काढून धुतात, आधीचं आणि नंतरचं वजन घेतात आणि तेवढ्या टक्क्यांची वजावट अख्ख्या मालावर लावतात. नमुना कुठल्या कोपऱ्यातून काढला यावर भांडण. आपल्याकडे काटा मारला म्हणतात, तिकडे माती मारली म्हणत असतील.

---

नेरळची नात

खूप दिवसांनी लॉगिन केलं ते केवळ या धाग्यासाठी. रुळावरचा, तुम्ही जर्मन 'ब्रिगेड' इंजिनांचा उल्लेख ओझरता करून पुढे गेलात, पण खरी गोम तिथेच आहे आणि ती आपल्या माथेरानपर्यंत येते.

माथेरानची लाइन आदमजी पीरभॉय कुटुंबाने टाकली, १९०७ मध्ये सुरू झाली. तिच्यावरची मूळ वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची. तीन जोडआसांची, आणि पहिल्या व शेवटच्या आसाला क्लिएन-लिंडनर पद्धत. ब्रिगेड इंजिनांच्या पहिल्या आणि चौथ्या आसालाही तीच.

ही भानगड काय ते सोप्यात सांगते. एरवी चाकं आणि आस एकजीव असतात. चार आस ओळीने दांड्यांनी जोडले की इंजिन लांबट काठीसारखं ताठ होतं आणि तीव्र वळणावर चाकं रुळावर चढू बघतात. क्लिएन-लिंडनरमध्ये आस दुहेरी. आत एक भरीव आस. तिला बाहेरच्या बाजूने क्रँक आणि दांडे लावलेले, ती चौकटीत सरळच राहते. तिच्यावरून पोकळ नळी, चाकं त्या नळीला घट्ट बसवलेली. आतल्या आसाच्या मधोमध एक गोळा, आपल्या खांद्याच्या सांध्यात असतो तसा, आणि त्यातून आरपार खीळ. फिरवण्याची ताकद खिळीतून नळीला मिळते, पण नळी गोळ्यावर थोडी डावी-उजवी कलू शकते. वळण आलं की चाकं आपोआप वळणाबरोबर जातात आणि बाहेरच्या दांड्यांना पत्ताही लागत नाही.

माथेरानला १८ मीटर त्रिज्येची वळणं आणि २० मध्ये १ चा चढ. तिथे हे डोकं नसतं तर गाडी जुम्मापट्टीच्याही पुढे गेली नसती. आजोबा नेरळच्या शेडमध्ये होते. ते म्हणायचे, इंजिन सरळ रस्त्यावर दारुड्यासारखं आणि वळणावर शहाण्यासारखं चालतं.

---

कोळसेवाला

मी भुसावळला फायरमन म्हणून लागलो आणि वाफ संपेपर्यंत फूटप्लेट, म्हणजे इंजिनात ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात ती जागा, सोडली नाही. सगळं आयुष्य मोठ्या लाइनवर, पण नातबाईंच्या आजोबांचं म्हणणं शंभर टक्के खरं असणार. तो गोळा झिजला की सरळ रुळावर चाकं डावी-उजवी डुलायला लागत असणार. झीज म्हणजे वाफेच्या इंजिनाचा संधिवात.

छोट्या इंजिनाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की ते चालवणं सोपं. उलट आहे. मोठ्या बॉयलरला पोट असतं, दोन फावडी मागेपुढे झाली तरी तो सांभाळून घेतो. छोटा बॉयलर लगेच रुसतो आणि लगेच खूश होतो. जाळ पातळ ठेवायचा, थोडा-थोडा कोळसा, भट्टीचं दार उघडं ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. पाण्याच्या काचेवरून नजर हलवायची नाही. रुळावरचा साहेब, एक सांगा. त्या सपाट शेतांत पाणी कुठे भरायचे? एवढ्याशा टाक्या किती पुरणार?

---

रुळावरचा

काका, प्रश्न मोलाचा. स्टेशनांवर पाण्याची सोय असायचीच, पण युद्धातल्या इंजिनांना पाणी उपसायची वेगळी सोय होती. ब्रिगेड इंजिनाला तर होतीच, अमेरिकन इंजिनांनाही. बाजूला जाड रबरी नळी गुंडाळून ठेवलेली. ओढा, डबकं, तोफगोळ्याने पडलेला खड्डा, काहीही दिसलं की नळी आत सोडायची आणि बॉयलरमधली वाफ झोताने नळीतून मारायची. झोताबरोबर पाणी खेचलं जाऊन टाकीत येतं. पंप नाही, हलणारा भाग नाही.

दुसरी काळजी ठिणग्यांची. ऑगस्टमध्ये बोसचा पिकलेला गहू म्हणजे काडेपेटीच.

---

कोळसेवाला

झोताने पाणी ओढायचं. म्हणजे बॉयलरमध्ये वाफेने पाणी ढकलणाऱ्या आमच्या इंजेक्टरचाच चुलत भाऊ. पण डबक्यातलं पाणी बॉयलरला पाजायचं म्हणजे मला झोप लागली नसती हो. गाळ, क्षार, फेस. आठवड्याला बॉयलर धुवायला लागत असेल.

---

बार्शी लाइट

थोडा वाद घालतो. ६० सेंटीमीटर ही रुंदी देकोव्हिलच्या शेतीसाठी ठीक, पण खरी हलकी रेल्वे कशी करावी हे आमच्या बार्शीने दाखवलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू केली, अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याचं गणित सरळ होतं. इंजिन असो की डबा, कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार नको. आस वाढवा, भार वाटून टाका, मग हलके रूळ पुरतात. बार्शीच्या इंजिनांना चार जोडआस आणि मागे दोन मोकळे. (हाच माणूस पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटमागे लागला. आसाचा भार कमी करता करता माणसाचाच करायला निघाला.)

ब्रिटिश युद्धखात्यानेही आधी अडीच फूटच ठरवलं होतं. मग फ्रान्समध्ये मुकाट्याने ६० सेंटीमीटर का घेतलं?

---

रुळावरचा

कारण जमीन फ्रेंचांची होती आणि रूळ आधीच होते. तोफखान्याचा कॅप्टन प्रॉस्पेर पेशो याने देकोव्हिलचीच कल्पना घेऊन किल्ल्यांसाठी पद्धत बसवली, सैन्याने १८८८ मध्ये ती मान्य केली. पाच मीटरचा तयार तुकडा १६७ किलोंचा, चार शिपाई उचलणार. त्याने इंजिनही खास बनवून घेतलं, मधोमध भट्टी आणि दोन्ही टोकांना धुराडं. आपल्याकडच्या मांडुळासारखं, दोन्हीकडून तोंड. वजन साडेबारा टन, चार आसांवर वाटलेलं, म्हणजे आसाला जेमतेम तीन टन. तुमच्या कॅलथ्रॉपच्या पाच टनांपेक्षाही कमी, हे नम्रपणे नमूद करतो. युद्धात अमेरिकेच्या बाल्डविनने ती २८० बनवून दिली. आता दोन उरली आहेत, एक ड्रेस्डेनला आणि एक सर्बियात पोझेगाला.

बाल्डविनवरून आठवलं. त्यांनी ब्रिटिशांसाठी बनवलेली छोटी इंजिनं (पुढे दोन मोकळ्या आस, मागे तीन जोडलेल्या) युद्धानंतर भारतातही आली, उत्तर प्रदेशातल्या साखर कारखान्यांत. खतौलीच्या कारखान्यातलं एक पुढे इंग्लंडला परत नेलं, लेटन बझर्डला ते पुन्हा वाफेवर चाललं. म्हणजे एकाच युद्धातली भावंडं, एक बीट ओढत होतं आणि एक ऊस.

---

बार्शी लाइट

तीन टनांचा मुद्दा मान्य. पण तुमच्या त्या गाडीत गुडघे एकमेकांना लागतात हे तुम्हीच लिहिलंत. आमच्या बार्शी लाइटमध्ये लोक मांडी घालून बसायचे.

---

पिंपळपान

विषय बदलतो, माफ करा. पितिव्हिए हे नाव मी वेगळ्या संदर्भात वाचलं आहे. १९४१ मध्ये पॅरिसमधल्या परदेशी ज्यूंना पकडून इथल्या छावणीत ठेवलं. १९४२ मध्ये इथूनच आउश्वित्झला गाड्या गेल्या, त्यात जुलैच्या धरपकडीत पकडलेल्या बायका होत्या, मुलंही आधी इथेच आणून ठेवली होती. तुम्ही गेलात तेव्हा त्याची काही खूण दिसली का?

---

रुळावरचा

दिसली. त्या गाड्या मोठ्या लाइनच्या होत्या, गावचं मोठं स्टेशन वेगळं. प्रवासी वाहतूक बंद पडलेल्या त्या स्टेशनात २०२२ पासून स्मारक आहे. सकाळी तिथे गेलो आणि दुपारी छोट्या गाडीत बसलो. लेखात लिहायचं की नाही यावर अडलो होतो. नाही लिहिलं. तुम्ही विचारलंत ते बरं झालं.

---

सासूबाईंची सून

रुळावरचा दादा, ३-२३ कुठे गेलं? सांगतो म्हणालात आणि विसरलात.

---

रुळावरचा

विसरलो नाही, बार्शीकरांनी गुंतवलं. लाइन बंद पडल्यावर एका ब्रिटिश हौशी माणसाने ते विकत घेतलं आणि १९६७ मध्ये ते वेल्सच्या फेस्टिनिऑग रेल्वेवर गेलं. तिथली रुंदी ५९७ मिलिमीटर, म्हणजे तीन मिलिमीटरचाच फरक. खरी अडचण उंचीची. तिथले बोगदे एवढे ठेंगणे की ड्रायव्हरची केबिन कापून बुटकी करावी लागली. नाव दिलं 'माउंटनिअर'. चाळीसेक वर्षं पर्यटक ओढले, २००६ मध्ये दुरुस्तीसाठी सेवेतून काढलं. अमेरिकेत जन्म, ब्रिटिश लष्कर, फ्रेंच बीट आणि मग वेल्सचे डोंगर.

---

सासूबाईंची सून

थांबा थांबा. आम्ही २००४ मध्ये मँचेस्टरला होतो तेव्हा वेल्सला गेलो होतो आणि पोर्थमाडोगहून छोट्या गाडीत बसलो होतो. सासूबाई तेव्हा आल्या होत्या. इंजिनाला हात लावून 'गरम आहे गं' म्हणाल्या होत्या. रात्री अल्बम काढून बघते.

---

चहाटळ

पेस्ट्री नाही तर निदान हा फोटो तरी येऊ दे.

---

सासूबाईंची सून

सापडला. नऊवारीतल्या सासूबाई, डोक्याला मफलर, मागे इंजिन. टाकीवरच्या पाटीची पहिली चार अक्षरं त्यांच्या खांद्याआड गेली आहेत, पुढे 'टनिअर' स्पष्ट वाचता येतंय. केबिन खरंच बुटकी आहे. आत्ता त्यांना फोन करून सांगितलं की तुम्ही ज्याला हात लावलात ते पहिल्या महायुद्धातलं, आणि त्याने कित्येक वर्षं साखरेसाठी बीट वाहिलं. त्या म्हणाल्या, "तरीच. अंगाला गोडसर वास होता त्याच्या."

---

कोळसेवाला

तो तेलाचा वास, वहिनी. पण सासूबाईंना सांगू नका.